एका जोंगाच्या मागावर: कुंभिवली, कर्जत, नेरळ

आमच्या नगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे. त्यामुळे "कर्जतला चालले" असं म्हटलं की शेजारपाजारच्यांना वाटतं, संध्याकाळच्या चहाला परत येणार. घाटाखालचं, रायगडातलं कर्जत, असं दर वेळी फोड करून सांगावं लागतं. मागे एकदा माझ्या गाडीचे टायर ट्रान्सपोर्टवाल्याने आमच्याच कर्जतला नेऊन टाकले होते आणि तिथल्या खताच्या दुकानात ते पावसाळाभर पडून राहिले. या वेळी मात्र मी कुणाला काही समजावत बसले नाही. मी कुठे आणि कशासाठी निघाले आहे, हे एकट्या शिरीषला, पुण्याच्या माझ्या मित्राला, माहीत होतं.

आधी गाडीबद्दल सांगते. मी निवृत्तीपर्यंत पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवलं. नगर लष्कराचं गाव, रस्त्यावर रणगाडा दिसला तरी आमच्याकडे कुणी मान वळवत नाही. लष्कराने निकालात काढलेल्या गाड्या लिलावात घ्यायच्या आणि हळूहळू होत्या तशा करायच्या, हा नाद मला तिथेच लागला. माझी जोंगा ही त्यातली सगळ्यात लाडकी. जीपपेक्षा मोठी, दणकट, सैन्यात पुष्कळ वर्षं राबलेली ही गाडी. तिचं मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पाण्यासारखं पेट्रोल पितं, म्हणून सैन्याबाहेर आल्यावर जवळजवळ प्रत्येकाने ते उपटून डिझेल इंजिन बसवलं. मूळ इंजिनाची जोंगा आता शोधून सापडत नाही. माझ्या गाडीत ते होतं.

मग माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं. पाना फिरवणं बंद. पुण्याच्या शिरीषने तेव्हा पुढाकार घेतला. तो आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळातला, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, स्वतःचा छापखाना असलेला. त्याच्याकडेही एक जोंगा होती आणि कर्जतच्या बाजूला घेतलेल्या जागेत शेड बांधून तो आपल्या गाड्या ठेवत असे. खालापूरजवळ कुंभिवलीला त्याच्या माहितीचा गॅरेजवाला होता, बाळाराम. गाडी तिकडे गेली. तिथून शिरीषमार्फत मला फोटो यायचे. फोटोत नेहमी एकच बाजू. गणपतीत एक फोटो आला, "आजच काढला" म्हणून. गाडीच्या चाकांशी वाळलेलं पिवळं गवत होतं. गणपतीत कोकणात पिवळं गवत कुठून येणार? तो फोटो मी पुष्कळदा मोठा करून पाहिला आणि दिवाळीच्या आधी निघायचं ठरवलं. शिरीष म्हणाला, "एकट्या कशाला जाता ताई, मी येतो." पुण्यात तो माझ्या गाडीत बसला.

कुंभिवली

घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. आम्हा कोरड्या मुलखातल्यांना पहिला तासभर श्वास घ्यायलाही जड जातं. हमरस्त्याला दोन्ही बाजूंनी ढाबे, गोदामं, टायरवाले, कारखान्यांच्या भिंती, आणि त्या भिंतींच्या फटीतून मध्येच पिकून पिवळं पडलेलं भात. आमच्याकडे ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. इथलं पीक गुडघ्याशी वाकून उभं असतं आणि त्याला एक ओलसर, गोड वास असतो. तो वास डिझेलच्या धुरातही लपत नव्हता.

बाळारामचं गॅरेज ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे बांधण्याच्या कामाने भरलेलं होतं. माणूस पन्नाशीचा, केस नीट विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. भर सकाळी गॅरेजमध्ये इस्त्रीचा शर्ट मी पहिल्यांदाच पाहिला.

"या मॅडम," तो म्हणाला. "वाटच बघत व्हतो."

मी येणार हे मी त्याला कळवलं नव्हतं. मी शिरीषकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला की त्यानेच सकाळी फोन केला होता, नाहीतर हा माणूस जागेवर भेटत नाही. पटण्यासारखं होतं. पण पुण्यापासून तो माझ्या शेजारी बसून होता आणि त्याने फोन केलेला मी काही ऐकला नव्हता.

मागच्या पत्र्याच्या आडोशाला माझी चासी उभी होती. फक्त चासी, खालचा सांगाडा. वर टप, म्हणजे पत्र्याची बॉडी, नाही, इंजिन नाही. रंग मात्र छान, लष्करी हिरवा. मी अंगठा टेकवला. अंगठा हिरवा झाला. रंग सकाळचाच असावा. ओढणीच्या आतल्या बाजूला तो पुसला आणि काम चांगलं झालंय म्हटलं.

बाळारामने चहा मागवला. टप डेंटिंगला दिलाय, कर्जतच्या पुढे एका गावात, आणि इंजिन बोअरिंगसाठी, सिलिंडर आतून घासून घ्यायला, नेरळला, असं त्याने सांगितलं. सांगताना तो माझ्याशी बोलत होता, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी नजर शिरीषकडे जात होती. शिरीष मान हलवायचा, मग पुढचं वाक्य यायचं. पस्तीस वर्षं मी तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. शेजारच्याकडे बघून उत्तर देणारा विद्यार्थी मला लांबूनही कळतो.

डोंगराच्या पायथ्याचं गाव

रात्री कर्जतला राहिलो आणि सकाळी टप पाहायला निघालो. रस्त्याच्या कडेला भाताइतकीच दाट पाट्यांची पिकं होती: प्लॉट, सेकंड होम, फार्महाऊस. डोंगर सुरू होईपर्यंत त्या पाट्या काही संपेनात.

डेंटर सदाशिव आणि त्याची बायको मंदा. घरापुढचं अंगण नुकतंच सारवून मळणीसाठी तयार केलेलं, आणि त्याला लागून सदाशिवची शेड. शेडमध्ये माझा टप होता. तो माझाच होता, याची खात्री करायला मला वेळ लागला नाही. ड्रायव्हरच्या बाजूला सैन्यातल्या कुणीतरी पत्र्यावर खिळ्याने ओरखडून ठेवलेलं एक फुलपाखरू होतं, ते सदाशिवने दुरुस्ती करताना सांभाळून तसंच ठेवलं होतं. काम इतकं नेटकं होतं की मला आदल्या दिवशीच्या संशयाची थोडी लाज वाटायला लागली होती.

तेवढ्यात सदाशिव म्हणाला, "मॅडम, डिझेलसाठी पुढचा पत्रा कापायचा हाय ना, तो कुटं कापू ते आजच दाखवा. मग रंगाला घ्याया बरं."

मी म्हटलं, कसलं डिझेल? माझ्या गाडीत पेट्रोल इंजिन आहे.

सदाशिवने शिरीषकडे पाहिलं. शिरीष हसला. बाळारामने काहीतरी गोंधळ घातलाय, दुसऱ्या कुठल्या गाडीचं काम याला सांगून बसलाय, असं म्हणाला आणि फोनवर बोलत बोलत विहिरीकडे गेला. फोन वाजलेला मी ऐकला नव्हता.

मंदाने जेवायला थांबवलं. आमच्याकडची बाजरीची भाकरी थापायला जोर लागतो, आणि गार झाली की तिचा पत्रा होतो. मंदा उकड काढून पाण्याच्या हाताने तांदळाची भाकरी थापत होती. ती भाकरी घडी घातली तरी मोडत नव्हती. सोबत वालाचं बिरडं, आणि माझ्यासाठी मुद्दाम भाजलेली सुकट. सुकटीची मला सवय नाही. पहिला घास मी धीर करून खाल्ला आणि मग दोनदा मागून घेतली. आमच्याकडे घरी भात पिकत नाही हे ऐकून मंदाला माझी कीव आली. "मंग तुमी सणाला काय करता, ताई?" तिने अगदी काळजीने विचारलं.

पुरुष बाहेर होते. मी चुलीशी बसून, सहज विचारावं तसं विचारलं, इंजिन काढलं कुठे?

"हितंच," मंदा म्हणाली. "आक्की गाडीच आलती ना हितं. गेल्या दिवाळीच्या आधी. यांनीच उतरवलं इंजिन. मंग टेंपो आला. तुमचं साहेब सोत्ता टेंपोच्या मागं बसून गेले, इंजिनाला धरून. पोराला धरावं तसं धरलंवतं."

शिरीषने मला येताना गाडीत सांगितलं होतं की माझी जोंगा गॅरेजला सोडल्यापासून त्या कामासाठी तो इकडे एकदाही फिरकलेला नाही.

हातातला घास तोंडात गेला, पण त्याची चव मला आठवत नाही. गेल्या हिवाळ्यात पुण्यात मंडळाच्या गाड्यांची फेरी निघाली होती. शिरीषच्या जोंगात तोवर डिझेल इंजिन होतं. त्या फेरीत अचानक ती पेट्रोलवर आली. जबलपूरकडून इंजिन मिळालं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही, एका हाताने. दुसरा तेव्हा गळ्यात बांधलेला होता. बॉनेट उघडून दाखव म्हटलं तर त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

निघताना मी मंदाचा नंबर घेतला. तांदूळ मागवायचेत, असं कारण सांगितलं.

नेरळ

शिरीषशी मी काही बोलले नाही. पुरावा हातात नसताना बोलले असते तर दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं कुठल्या कुठे गेलं असतं. इंजिन बघायचंय, एवढंच म्हटलं.

नेरळ स्टेशनाबाहेर आलो तेव्हा तो भलताच प्रेमळ झाला. एवढ्या लांब आलात, माथेरान न बघता कशा जाता? मिनी ट्रेन पावसाळ्यानंतर अजून वरपर्यंत सुरू झाली नव्हती, पण दस्तुरीपर्यंत, जिथे मोटारी थांबतात तिथवर, टॅक्सी होत्या. मी तासभर हिंडून यावं, तोवर तो माझ्या गाडीने वर्कशॉपला जाऊन इंजिनाचं बघून ठेवील. ग्रीसच्या घाणीत तुम्ही कशाला, असंही म्हणाला. जन्मभर ग्रीसमध्ये हात घातलेल्या बाईला तो मोटारींना बंदी असलेल्या डोंगरावर घोडे बघायला पाठवत होता.

मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि शेअर टॅक्सीत जाऊन बसले. माझी गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर खाली उतरले. टॅक्सीवाला कुरकुरला. मी रिक्षा केली आणि बाळारामने सांगितलेल्या वर्कशॉपचं नाव घेतलं.

नव्या इमारतींच्या मागे एक लांबट गाळा. बोअरिंगचं मशीन चालू होतं. मालक वयस्कर, कानात कापूस घातलेले. मी जोंगाचं इंजिन म्हटल्यावर त्यांनी मशीन बंद केलं.

"सहा सिलिंडरचं?" ते म्हणाले. "बाई, तसलं इंजिन हितं आलं असतं तर मी ते इसरलो नसतो. तरणा व्हतो तवा एक बघितलंवतं."

बाकड्यावर रिक्षाची आणि ट्रॅक्टरची इंजिनं होती. माझं नव्हतं. शिरीषही नव्हता.

मी तिथूनच त्याला फोन लावला.

"काय रे, पोचलास का?"

"केव्हाच. वर्कशॉपमध्येच उभा आहे ताई. इंजिन समोर बाकड्यावर आहे. ब्लॉक एकदम सुरेख निघालाय. तुम्ही कुठे, वर पोचलात?"

मी ते बाकडं बघत होते. म्हातारेबुवा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो, घोडे बघतेय. सावकाश ये.

फोन ठेवला. राग होताच, पण त्याहून जास्त भीती वाटली. पंधरा वर्षं ज्याच्याबरोबर मी लिलावांना गेले, ज्याला घरच्या कार्याला बोलावलं, तो इतक्या सहज बोलला होता. आवाजात काही फरक नव्हता. मग याआधी किती वेळा असाच बोलला असेल?

वर्कशॉपवाल्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचे आभार मानून मी मंदाला फोन केला. शिरीषची शेड तिला माहीत होती, कारण त्याच्या गाड्यांचा पत्राही सदाशिवच ठोकत असे. मी काय झालं ते सांगितलं. शिरीषचं काम गेलं तर सदाशिवचं किती नुकसान होतं, हे मला कळत होतं आणि तिलाही. मग फोनच्या पलीकडे ती नवऱ्याला म्हणालेली मला ऐकू आली, "अवो, कर्जतास्नं त्या ताईंना घेऊन जावा तिकडं. त्यांची चीज हाय ती."

शेड

नेरळहून कर्जतला एका शेअर ईको व्हॅनमध्ये बसून आले. सदाशिव नाक्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. मी मागे बसले. वाटभर मी विचारात होते की हा मला खरंच तिकडेच नेतोय ना. तोवर माझी मनःस्थिती तशीच झाली होती. ओढ्याच्या पुलावर तो थांबला तेव्हा मी उतरून उभी राहिले. त्याला फक्त समोरून येणारी गुरं जाऊ द्यायची होती.

शेडच्या बाहेर माझीच गाडी उभी होती.

दार अर्धं उघडं होतं. आत शिरीष आपल्या जोंगावर ताडपत्री ओढत होता. एका कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर जुनं डिझेल इंजिन ठेवलेलं होतं, पुसून, रंग मारून. ते कुणाच्या गाडीत जाणार होतं, हे विचारायची गरज नव्हती. माझ्यामागे सदाशिवला पाहून शिरीष जागीच थांबला. हातातलं ताडपत्रीचं टोक त्याने सोडलं नाही.

मी बॉनेट उघडायला सांगितलं. त्याने उघडलं नाही, म्हणून मीच उघडलं. खांद्यातून कळ गेली.

एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डचा, म्हणजे धूर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा, एक स्टड माझ्याकडे असताना तुटला होता. तो मी कोरून काढला होता, त्या जागी जाड स्टड बसवला होता आणि त्यावर पितळेचा नट, पॉलिटेक्निकच्या लेथवर स्वतः केलेला. एक बाजू जराशी जास्त घासली गेल्यामुळे पाना तिथे घसरतो. तो नट तिथे होता. मी त्यावर बोट ठेवलं आणि शिरीषकडे पाहिलं.

तो ताडपत्री टाकून खोक्यावर बसला. नाकारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

"तुमचा खांदा असा," तो म्हणाला. "तुमच्याकडे ते नुसतं पडून राहिलं असतं, ताई. तुमच्या हातून ते पुन्हा कधी सुरू झालं असतं? माझ्याकडे ते चालतंय. लोक ऐकतायत."

मी त्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. तो गोंधळला, पण चढून बसला. पहिल्याच झटक्याला सुरू झालं. सहाही सिलिंडर एका लयीत. खोटं कशाला बोलू, त्याने ते उत्तम राखलं होतं. मी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. सदाशिवही दारातून आत येऊन उभा राहिला.

मग बंद करायला लावलं. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं, आतला रोटर काढला आणि पर्समध्ये टाकला. जुन्या काळी सैन्यातले ड्रायव्हर गाडी सोडून जाताना हेच करत. सुपारीएवढी ती चीज, पण तिच्याशिवाय ठिणगी पडत नाही.

"मी इथेच बसते," मी म्हटलं. "इंजिन उतरलं की जाईन."

शिरीषने मला समजवायचा प्रयत्न केला. मंडळात नाव निघेल, इतक्या वर्षांची ओळख, तो नवं इंजिन शोधून देईल. मी ऐकत राहिले. शेवटी त्याने माझ्या गाडीची किल्ली खोक्यावर ठेवली आणि बाहेर गेला. रस्त्यावर रिक्षाला हात केलेला मी पाहिला. सदाशिवने बाळारामला फोन करून चेन-कप्पी घेऊन बोलावलं, आणि संध्याकाळपर्यंत माझं इंजिन टेंपोत होतं. टेंपोच्या मागे, इंजिनाला टेकून, मी बसले. माझी गाडी सदाशिवने मागून कुंभिवलीपर्यंत चालवत आणली.

परत कुंभिवली

दुसऱ्या दिवशी मी सगळंच न्यायचं ठरवलं. एक ट्रक ठरवला. चासी, सदाशिवकडून आणलेला टप, इंजिन, चाकं, खोक्यातले सुटे भाग. बाळारामच्या अंगात आज नेहमीचा तेलकट शर्ट होता. दोर आवळताना तो माझ्या शेजारी आला.

"मला ठावं व्हतं मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "पन त्यांनी सांगितलं, तुमची परवानगी हाय."

मी म्हटलं, मग मी आले तेव्हा का नाही बोललास? इंजिन नेरळला आहे, असं का सांगितलंस?

तो दोराकडे बघत राहिला. गाठ पक्की झाली होती, तरी त्याने ती सोडून पुन्हा बांधली. सदाशिवने डिझेलचं भोळेपणाने विचारलं होतं की मला कळावं म्हणून मुद्दाम, हेही मी त्या दिवसापासून ठरवू शकलेले नाही. त्याला विचारलं असतं, पण मग उत्तरावर विश्वास ठेवावा लागला असता.

मंदाने तांदळाची पिशवी पाठवली होती. ती मी पुढच्या सीटवर, शिरीष बसला होता तिथे ठेवली.

ट्रक निघाला. घाट चढताना तो बैलगाडीच्या वेगाने चालला होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, एकेक करून आम्हा दोघांना ओलांडून जात होते. ट्रकच्या मागे मी गाडीचं नाक जवळजवळ टेकवून ठेवलं होतं, मध्ये मोटारसायकलही शिरू नये इतकं. घाटमाथ्यावर ड्रायव्हरने हात बाहेर काढून, पुढे व्हा, असं खुणावलं. पुढचा रस्ता मोकळा होता, सरळ होता. मी मान हलवली आणि मागेच राहिले. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं, त्याखाली इंजिनाचा काळा कोपरा मध्येच दिसायचा. नगर येईपर्यंत मी त्यावरून नजर काढली नाही.